वंशावळीत मयत

आखाडा बाळापूर
९ एप्रिल २०२५

साक्षी,

जयभीम. पाकिटावरचं नाव वाचून पत्र फाडू नको. निता किशनराव खिल्लारे म्हणजे मीच, तुझा एकेकाळचा दादा. दुसरं नाव टाकलं असतं तर तू पाकीट लवकर उघडलं असतंस, हे ठाऊक आहे मला. पण सरकारदरबारी आता माझं हेच नाव आहे. राजपत्रात छापून आलंय, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं तृतीयपंथी ओळखपत्रही हातात आहे. नाव कसं ठेवलं ते ऐकशील तर हसशील. इथं ज्या नाहिदच्या शिलाईच्या दुकानात मी सहा वर्षं ब्लाउज शिवतेय, तिच्याच मोबाईलवर आम्ही दोघी अर्ज भरत होतो. "नाव बोल जल्दी, पेज बंद होऊन राहिलं!" असं ती ओरडली आणि माझ्या तोंडून निता निघालं. लोक नावासाठी महिना महिना डोकं खाजवतात, माझं अर्ध्या मिनिटात उरकलं.

कार्डावर 'स्त्री' असं मात्र लिहून मिळालं नाही. त्याला ऑपरेशनचे, डॉक्टरचे कागद लागतात, ते माझ्याकडे नाहीत. तूर्त 'तृतीयपंथी'वर भागवलंय. पण एक सांगते, ते कार्ड मागताना मला कुणाच्या पाया पडावं लागलं नाही. मी कोण आहे ते मीच शपथेवर लिहून द्यायचं होतं. सुप्रीम कोर्टानं तसं सांगून ठेवलंय म्हणतात. लिहून दिलं आणि दोन महिन्यांनी कार्ड आलं.

आता मुद्द्याचं. कनिष्ठ सहायकाच्या परीक्षेत माझी निवड झाली. व्हय, माझीच. ब्लाउजच्या काखा शिवता शिवता पाठ केलेलं सामान्यज्ञान वाया गेलं नाही. जात पडताळणीची वैधता दिली की रुजू व्हायचं, आणि ३१ जुलैपर्यंत नाही दिली तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. मी जुने दाखले जोडले, राजपत्र जोडलं, अर्ज केला. काल समितीचं पत्र आलं. जसंच्या तसं उतरवते:

"अर्जदाराने ज्या बुद्धभूषण किशनराव खिल्लारे यांचे दाखले जोडले आहेत, ती व्यक्ती कु. साक्षी किशनराव खिल्लारे यांच्या प्रकरणातील वंशावळीत मयत दर्शविण्यात आली आहे. मयत व्यक्तीचे दाखले वापरल्याबाबत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा पुढील कारवाई करण्यात येईल."

साक्षी, मी मेले कधी?

तुला काही माहीत असेल तर दोन ओळी लिही. मी घाबरलेय.

निता


२१ एप्रिल

साक्षी,

उत्तर नाही. असू दे, दवाखान्यात ड्युटी लागली असेल.

परवा हिंगोलीला समितीच्या कार्यालयात जाऊन आले. तिथल्या बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी विचारलं, मग माझी फाइल काढली आणि शेजारी तुझी ठेवली. नर्सिंगच्या प्रवेशाच्या वेळची. त्यात आपली वंशावळ आहे, रेघा मारून केलेली. वर पणजोबा, खाली आजोबा, खाली बाबा, बाबांच्या खाली दोन रेघा. एकीखाली साक्षी, अर्जदार. दुसरीखाली बुद्धभूषण, आणि पुढं कंसात मयत. आईचं नाव तर नाहीच. आपल्या वंशावळीत अर्जदार सोडली तर बायकांना जागा नसते. मला मिळाली, तीही मेलेल्या पुरुषाची.

जाताना बसमध्ये मी बाबांना मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या. वाटलं, त्यांनीच लिहून घेतलं असणार, त्यांचा राग मला माहीत आहे. खाली सही त्यांची आहेच. पण अक्षर तुझं आहे, साक्षी. आई गेली तेव्हा तू दुसरीत होतीस. तुझा हात धरून पाटीवर मीच गिरवून घेतलंय. हजार कागदांत मी तुझं अक्षर ओळखेन.

बाईंनी विचारलं, "अक्षर ओळखता का?" मी नाही म्हणाले. ते का म्हणाले, मलाच कळलं नाही. तू कळवलंस तर बरं होईल.

निता


४ मे

साक्षी,

तुझा फोन आला, बरं वाटलं. पण फोनवर तू रडतेस आणि मी ओरडते, त्यात अर्धा तास गेला. म्हणून लिहिते. मला समजलं ते असं, चुकत असेल तर सांग.

तुझ्या प्रवेशाला तीन दिवस उरले होते. तहसीलच्या बाहेर टेबल टाकून अर्ज भरून देणारा बसला होता. त्यानं विचारलं, "भाऊ हाय का? मंग त्यचा शाळेचा दाखला आना, आधार आना." तू म्हणालीस, तो घर सोडून गेला, कागद नाहीत. तो म्हणाला, "मंग मयत लिवा. मयताचं काईच लागत न्हाई." तू लिहिलंस, बाबांनी सही केली. एका शब्दात दोन कागद वाचले. इथपर्यंत मी समजू शकते, खरंच. तीन दिवस उरले असते तर मीही कदाचित काहीतरी लिहिलं असतं.

मग समितीचं दक्षता पथक चौकशीला आपल्या गावी, हट्ट्याला आलं. त्यांनी शेजारी विचारलं, मुलगा कशानं वारला? शेजाऱ्यांना काय माहीत, त्यांनी बाबांकडे पाहिलं. आणि बाबा म्हणाले, "वारंगा फाट्यावर. टरकाखाली."

पथक गेलं, पण गल्ली राहिली. संध्याकाळपर्यंत बायका पदर तोंडाला लावून दारात. "किशनराव, एवढं झालं अन् सांगितलं काहून न्हाई?" बाबांना मागं फिरता येईना. भंतेजी बोलावले, माझा दहावीतला फोटो हार घालून मांडला, आणि जलदान विधी झाला. सारी गल्ली जेवून गेली. तू वाढायला होतीस.

मी तेव्हा इथं बाळापुरात होते, दोन बस बदलल्या की पोचता येईल एवढ्या अंतरावर. बहुतेक कुणाच्या तरी लग्नाची शिलाई चालू असेल. जेवायला काय केलं होतं, एवढंच विचारावंसं वाटलं. राग नंतर आला.

आता तू म्हणतेस, खरं सांगितलं तर तुझी वैधता जाईल, नोकरी जाईल. मी वसमतच्या धम्मानंद वकिलांकडे जाऊन आले. ते म्हणाले, भाऊ जिता निघाला म्हणून जात बदलत नाही. तू आणि बाबांनी दुरुस्तीचं शपथपत्र द्यायचं, चूक कबूल करायची. समिती झापेल, ताकीद देईल, बाकी काही होणार नाही असं त्यांना वाटतं. तेव्हा नोकरीची भीती मनातून काढ. आणि दुसरी भीती तू फोन ठेवताना हळूच सांगितलीस, तीच खरी आहे ना? विजयकुमारच्या घरी भाऊ वारला असं सांगून सोयरीक झालीय.

साक्षी, मी कोण आहे हे सांगायला माझी एकटीची सही पुरली. मी जिवंत आहे हे सांगायला तुझी आणि बाबांची लागते. कायदा करणाऱ्यांना बिचाऱ्यांना हे सुचलं नसेल. मी कार्ड घेऊन, आधार घेऊन, हाडामांसाची त्यांच्यासमोर उभी राहते, आणि ते म्हणतात, तुम्ही बुद्धभूषणच कशावरून? त्याचे दाखले कुठून उचलले?

सुनावणी २२ जुलैला आहे. ये. नाहीतर शपथपत्र तरी पाठव.

निता


२६ मे

साक्षी,

फोनवर तू बाबांकडे बोट दाखवलंस, म्हणून काल वसमतच्या मोंढ्यात, बाबांच्या हमालीच्या जागी गेले. हळदीचा सीझन आहे, पाय ठेवायला जागा नव्हती. बाबा पोतं उतरवून घाम पुसत होते. केस पार पिकलेत त्यांचे. आधी ओळखलं नाही. मग ओळखलं, आणि पहिल्यांदा आजूबाजूला कोण आहे ते पाहिलं.

"इथं काहून आलास?"

मी म्हटलं, सही पाहिजे. सगळं सांगितलं. ते पोत्यावर बसले.

"तुहं पाणी सोडलंय म्या. सारी गल्ली जेवली. भंतेजीयनं गाथा म्हनल्या. आता कोन्त्या तोंडानं सांगू, जित्ता हाय म्हनून?"

"खऱ्या तोंडानं सांगा."

"तुला सोपं हाय. तुला गावात ऱ्हायचं न्हाई."

मी म्हटलं, बाबा, मला राहूच कुणी दिलं नाही. ते आवाज उतरवून म्हणाले, "एक करता येतंय. केस काप. प्यांट-शर्ट घालून बुद्धभूषण होऊन ये. डोक्याला मार लागला व्हता, याद गेली व्हती, दवाखान्यात पडून व्हता, आता याद आली. मी सांगतो सायबाला. गाव बी मानंल."

मी हसले. म्हटलं, हे पिक्चरमध्ये होतं. "पिक्चर तर पिक्चर," ते म्हणाले, "पोरगा जित्ता आला तर गाव पेढे वाटंल." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते अगदी मनापासून बोलत होते, हेच वाईट. तेवढ्यात मुकादमानं हाक मारली आणि ते उठून गेले.

मी त्यांचं बोलणं काही मनावर घेतलं नाही. हसले आणि परत आले.

आता तूच उरलीस. उत्तर दे.

निता


१८ जून

साक्षी,

तुझ्या लग्नाची पत्रिका पाहिली. हट्ट्याच्या कुणीतरी नाहिदच्या चुलतबहिणीला मोबाईलवर पाठवली होती. ३ ऑगस्ट, वसमत. वर लिहिलंय, स्मृतिशेष चांगुणाबाई, स्मृतिशेष बुद्धभूषण. आईच्या बरोबरीनं बसवलंस मला, उपकार झाले.

चार पत्रं लिहिली, एकाचंही लेखी उत्तर नाही. फोन उचलत नाहीस. तर मग ऐक. स्मृतिशेष बुद्धभूषण लग्नाला येणार आहे. हिरवी साडी नेसून, गजरा माळून, मंगल परिणय चालू असताना मांडवाच्या मधोमध येऊन उभी राहीन. विजयकुमारच्या आईच्या पाया पडेन, म्हणेन, मी नवरीच्या घरची मयत. वाढा मला, गेल्या खेपेला माझ्या जेवणाला मला कुणी बोलावलं नव्हतं.

निता


१९ जून

साक्षी,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि अर्ध्या रस्त्यातून परत आले. पोस्टमास्तरांना म्हटलं, तेवढं काढून द्या. ते म्हणाले, "पेटीत पडलं की ते सरकारचं झालं, बाई." म्हणजे तुला ते मिळणारच. मी लग्नाला येणार नाही. शपथेवर सांगते, कुठं सही करू सांग.

दुसरं एक खोटं लिहिलं होतं, तेही आज सांगून टाकते. बाबांचं बोलणं मी मनावर घेतलं नाही असं लिहिलं, ते खरं नाही. मोंढ्यातून आले ती सरळ दुकानात नाहिदसमोर बसले आणि म्हटलं, काप माझे केस. तिनं कात्री उचलून गल्ल्यात ठेवली. "मेरी कैंची कपडे की है, तेरे बालाँ की नै." मग मी बसस्टँडजवळच्या न्हाव्याकडे गेले. त्यानं गळ्याला फडकं बांधलं, विचारलं, कोन्ता कट? मी नुसतं बोटानं कानापर्यंत दाखवलं. त्यानं एका बाजूची बट उचलून कापली, आणि आरशात मला बुद्धभूषण दिसला. तसाच, दहावीतल्या फोटोतला. मी गळ्यातल्या फडक्यासकट उठून पळाले. न्हावी मागं ओरडत आला, फडक्यासाठी.

साक्षी, सहा आठवड्यांच्या आत मला नोकरीसाठी जिवंत माणूस व्हायचं आहे, आणि माणूस होण्यासाठी मला पुन्हा तो व्हावं लागणार असेल, तर माझ्याकडून होत नाही. मी करून पाहिलं. त्या दिवशी असंही वाटलं की कागदावर लिहिलंच आहे, तर तसंच होऊन जावं, सगळ्यांचंच सोपं होईल. नाहिदनं ते ओळखलं असावं. आठ दिवस तिनं मला तिच्या घरीच ठेवलं, तिच्या पोरीशेजारी झोपवलं. आता बरी आहे, काळजी करू नको. करत असशील तर.

वकील म्हणतात, २२ जुलैला कुणीच आलं नाही तर अर्ज फेटाळतील, आणि मयताचे दाखले वापरले म्हणून पोलिसांत तक्रारही जाऊ शकते. एवढं सगळं होऊ द्यायचं? मला लग्नाला बोलवू नको, घरी येऊ देऊ नको, फोटोला हार राहू दे. फक्त त्या दिवशी ये आणि खरं सांग. मी तुझ्या पाया पडते. लहानपणी तू माझ्या पडायचीस, भाऊबिजेला नाही का, तशी.

निता


हिंगोली
११ ऑगस्ट

साक्षी,

लग्नाचे फोटो पाहिले. छान दिसत होतीस. ब्लाउजची बाही मात्र अर्धा इंच जास्त झालीय, कुणी शिवला?

तुला कळलं असेल नसेल, म्हणून सांगते. वैधता २९ जुलैला हातात आली, ३० ला मी रुजू झाले. मला टेबल मिळालंय, खुर्ची थोडी डुगडुगते. हजेरीपटावर निता किशनराव खिल्लारे लिहिलंय. पहिल्या दिवशी दोघंतिघं दारातून डोकावून गेले, आता कुणी डोकावत नाही. आवक टपालाचं काम दिलंय. दुसऱ्यांचे खुलासे उघडते आणि क्रमांक टाकते.

२२ जुलैबद्दल लिहायचं राहिलंय. तू येशील असं मला वाटलं नव्हतं. बाबांना बघून आशा वाटली, पण साहेबांनी माझ्याकडे हात करून "या कोण?" असं विचारलं तेव्हा बाबा फरशीकडे बघत म्हणाले, "म्हाईत न्हाई." मग दार उघडून तू आलीस, आणि तूही बाबांच्या शेजारी त्यांच्यासारखीच खाली बघत बसलीस.

साहेब मला म्हणाले, तुम्हाला यांना काही विचारायचं असेल तर विचारा. धम्मानंद वकिलांनी बारा प्रश्न लिहून दिले होते. शाळा, जन्मखूण, आईचं माहेर. तो कागद माझ्या हातात होता, पण मला त्यातलं एकही अक्षर दिसेना. मी विचारलं, "त्या जलदानाच्या दिवशी तू रडलीस का?" साहेब म्हणाले, हा प्रश्न विषयाला धरून नाही. पण तू मान वर केलीस.

"रडले. लई रडले."

साहेबांनी विचारलं, "भाऊ वारला म्हणून?"

तू म्हणालीस, "न्हाई साहेब. जित्या माणसाचं पाणी सोडून राहिलो म्हनून. हेच ते माणूस. मयत म्या लिवलं, माह्या हातानं."

साहेबांनी बाबांपुढं कागद सरकवला. बाबांनी सही केली, आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेले. मला त्यांच्याकडून ते एक बघणंही नको होतं, असं म्हणणार होते, पण हवं होतं. अजून हवंय.

मग आपण दोघी बाहेर आलो. जिन्यात तू माझा हात धरलास. सहा वर्षांनी. मला वाटलं, आता तू काहीतरी बोलशील, आणि तू बोललीसही. "खाली विजयकुमार अन् सासूबाई गाडीत बसलेत. त्यायला अजून सांगितलं न्हाई. तू जरा मागून ये."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार, तू माझ्यासाठी एवढं करून आली होतीस. तू खाली गेलीस. गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं, लांब गेल्याचंही ऐकू आलं. तरी मी तिथंच उभी होते. एक शिपाई वर जाताना म्हणाला, "बाई, कोणाची वाट बघून राहिल्या?"

रागावले नाही, असं लिहिणार होते. पण तुला खोटं लिहायचं आता सोडलंय. रागावलेय. आणि तू माझ्यासाठी जे केलंस ते मी जन्मभर विसरणार नाही, हेही तेवढंच खरं आहे. कागदावर तू मला जिवंत केलंस. पण मी अजून त्या जिन्यातच उभी आहे, साक्षी. खाली कधी येऊ, तेवढं कळव.

निता